ओल्या मातीतले मडके

आमच्या भंडारा जिल्ह्याच्या वर्तमानपत्रांत एक बातमी वर्षातून पाच-सात वेळा तरी येते. गावाचे नाव बदलते, बाकी मजकूर तोच. अमुक शिवारात नाल्याच्या काठी धाड पडली, जमिनीत पुरलेला मोहफुलांचा सडवा सापडला, तो जागीच ओतून नष्ट केला, आरोपी पळून गेला. खाली किती लिटर, किती रुपयांचा मुद्देमाल. मी तीस वर्षे भांड्यांच्या एका दुकानात हिशेब लिहिला, त्यामुळे आकडे आधी वाचायची सवय. पण दहा-बारा वर्षांपूर्वी एकदा आकड्यांवरून नजर मागे गेली आणि 'जमिनीत पुरलेला' या शब्दांवर अडली. पुरलेला का? लपवण्यासाठी, हे उत्तर कुणीही देईल. मीही तेच दिले असते. पण आमच्या रानात लपवायला जागा कमी नाही. पळसाची झुडपे आहेत, धानाच्या तणसाचे ढीग आहेत, पडीक खोपडी आहेत. भरलेले मडके मातीत उतरवायचे आणि काम झाल्यावर पुन्हा उपसायचे, एवढा खटाटोप माणूस नुसता लपवण्यासाठी करील का?

मी इतिहासाचा पदवीधर नाही. बारावीनंतर दुकानात लागलो. जे वाचले ते सुटीच्या दिवशी नागपूरला जाऊन, ग्रंथालयाच्या पंख्याखाली बसून. म्हणून या प्रश्नाच्या मागे लागलो तेव्हा पहिली चूकही स्वतःच्याच हिमतीवर केली. एका छोट्या सभेत मी ठोकून दिले की मोह चैत्रात गळतो, म्हणजे दारूही चैत्र-वैशाखात, ऐन उन्हात आंबवली जात असणार. साकोलीकडचे एक म्हातारे गृहस्थ नंतर जवळ आले आणि हसून म्हणाले, "बाबू, मोहा वारवून ठेवतेत ना!"

वारवून, म्हणजे वाळवून. झाडीबोलीत ळ चा र होतो. माझ्या सगळ्या मांडणीचा पायाच त्या एका र ने काढून घेतला.

मोहाचे फूल रात्री उशिरा आणि पहाटे गळते. मार्च-एप्रिलमध्ये उजाडायच्या आत बाया आणि पोरे टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. फूल मांसल, रसाने भरलेले, आणि गोड. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते. इतकी साखर, इतके पाणी आणि चाळीस अंशांच्या पुढचे ऊन असले की ओले फूल टोपलीतच आंबू लागते, संध्याकाळपर्यंत त्याचा वास बदलतो. त्यावर आमच्या लोकांनी काढलेला पहिला उपाय म्हणजे तेच ऊन. सारवलेल्या अंगणात फुले पातळ पसरायची. तीन-चार दिवसांत ती मनुकांसारखी तांबूस, सुरकुतलेली होतात. पाणी गेले की आंबणे थांबते. मग कणगीत भरून ठेवा, पावसाळ्यात काढा नाहीतर हिवाळ्यात. खायला काढा, गुरांना घाला, विका, किंवा भिजत घाला. ज्या उन्हाने फूल बिघडायचे त्याच उन्हाने ते वर्षभर टिकायचे. आंबवण्याची वेळ झाडाने ठरवायची नाही, माणसाने ठरवायची, एवढी मोकळीक त्या अंगणातून मिळत असे.

तरी उन्हाळा टळत नाही. लग्ने उन्हाळ्यातच असतात. गोंड घरांत जन्म, लग्न आणि मयत या तिन्ही प्रसंगी मोहाचा अर्पणाचा थेंब लागतो, आणि माणूस थंडी बघून मरत नाही. वैशाखात भिजत घालायची वेळ येणारच. तेव्हा काय करायचे, हा माझा खरा प्रश्न.

थोडे रसायन सांगतो, कारण त्याशिवाय पुढचे कळणार नाही. साखरेची दारू करते ती यीस्ट, म्हणजे किण्व. डोळ्यांना न दिसणारा जीव. लुई पाश्चरने १८७६ मध्ये बिअरवरचे पुस्तक छापले तोवर आंबणे ही जिवंत क्रिया आहे हे त्याने पटवून दिले होते. या जिवाला ऊब आवडते, पण बेताची. तीस अंशांच्या आसपास तो झपाट्याने काम करतो. पस्तीसच्या पुढे त्याची दमछाक सुरू होते आणि चाळीसच्या आसपास बहुतेक किण्वे हात टेकतात. शिवाय आंबताना उष्णता बाहेर पडते, म्हणजे भांडे आतूनही तापते. जितके भांडे मोठे तितकी ती उष्णता बाहेर पडायला अवघड. किण्व थकले की मागून आंबट करणारे जिवाणू येतात आणि दारूचा सिरका होतो. बिअर करणाऱ्याची भीती आणखी बारीक असते. त्याची बिअर सिरका झाली नाही तरी जास्त उष्णतेत तिला रंगासारखा किंवा पिकलेल्या केळ्यासारखा वास येतो. म्हणून नेहमीच्या एल बिअरला १८ ते २२ अंश आणि लागरला ८ ते १२ अंश लागतात. मोहाच्या सडव्याची पुढे भट्टीवर वाफ काढायची असते, तेव्हा चवीचे काही दोष तिथे मागे राहतात. पण ज्या दारूचा सिरका झाला तिची पुन्हा दारू होत नाही.

युरोपने या उष्णतेपुढे बराच काळ सरळ माघार घेतली होती. बव्हेरियात १५५३ च्या फर्मानाने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर गाळायलाच बंदी होती. १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडे याने म्युनिकच्या श्पाटेन बिअरखान्यात थंडावा निर्माण करणारे यंत्र बसवले, त्यानंतर उन्हाळा त्यांच्या ताब्यात आला. हिंदुस्थानातल्या इंग्रजांकडे ते यंत्र नव्हते तेव्हा ते डोंगर चढले. एडवर्ड डायर याने १८५५ च्या सुमारास बिअरचा कारखाना काढला तो कसौलीला. (जालियनवाला बागेचा जनरल डायर हा त्याचाच मुलगा.) मरीचा कारखाना १८६० चा, तोही थंड हवेच्या जागी. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या बाईला कसौली नव्हती. तिच्या हाताशी मडके, माती आणि पाणी होते.

या तीन वस्तूंकडे माझे लक्ष ज्याने वळवले तो माझा पुतण्या, आणि तो राहतो अमेरिकेत, अॅरिझोनातल्या फिनिक्सला. तिथे घरी बिअर आंबवायला कायद्याची आडकाठी नाही, १९७८ मध्ये केंद्रीय कायदाच तसा बदलला. फिनिक्सचा उन्हाळा आपल्या भंडाऱ्याचा सख्खा भाऊ, कोरडा आणि पंचेचाळीसला टेकणारा. एका रविवारी व्हिडिओ कॉलवर त्याने मला न्हाणीघर दाखवले. टबात वीतभर पाणी, पाण्यात झाकणाचे प्लास्टिकचे पिंप, पिंपाला त्याचा जुना टी-शर्ट घातलेला, शर्टाचे टोक पाण्यात बुडलेले, समोर टेबलफॅन. "काका, हसू नका. एसी लावून घर पंचवीस-सव्वीसला येतं, मला वीस पाहिजे. शर्ट पाणी ओढतो, पंखा वाळवतो, पिंप थंड होतं. अगदीच तापलं तर बर्फाच्या बाटल्या टाकतो." मी हसलो नाही. माझ्या मागे खिडकीत ओले फडके गुंडाळलेला माठ होता, तो मी कॅमेऱ्यात दाखवला. मग तोच हसला.

कोरड्या हवेत पाणी वाळते आणि वाळताना उष्णता घेऊन जाते. मे महिन्यातल्या विदर्भाच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की ओले फडके गुंडाळलेला तापमापक साध्या तापमापकापेक्षा पंधरा-वीस अंश खाली दाखवू शकतो. कोकणात हे जमणार नाही, तिथली हवाच ओली. म्हणजे जे ऊन आपल्याला मारते, त्याच्याच कोरडेपणात थंडावा दडलेला असतो. मातीचे मडके सच्छिद्र, ते स्वतःच पाझरते, त्याला वेगळा शर्ट लागत नाही. आणि ते ओल्या जमिनीत गळ्यापर्यंत उतरवले तर दुसरा फायदा होतो. दिवस-रात्रीच्या उष्णतेचा चढउतार हात-दीड हात खोलीवर फारसा पोचत नाही. वर पंचेचाळीस अंश असले तरी खाली सावलीतली ओली माती दुपार झाल्याचे ओळखतच नाही. भोवतालची माती आतल्या आंबण्याची उष्णताही ओढून घेते.

तेव्हा नाल्याकाठ, बोडीचा काठ, विहिरीची पन्हाळ, या जागा धाडीच्या कागदात लपण्याच्या म्हणून येतात. त्या थंडाव्याच्याही आहेत. दोन्ही कारणे एकाच खड्ड्यात नांदतात, आणि कोणते आधीचे याबद्दल माझे मत पक्के आहे. दारू लपवायची वेळ कायद्याने आणली. ऊन कायद्याच्या आधीचे.

पण मत म्हणजे पुरावा नव्हे. कागद शोधणे भाग होते. आर. व्ही. रसेल यांच्या संपादनाखाली १९०८ मध्ये निघालेले भंडारा जिल्ह्याचे गॅझेटियर वाचले. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचे मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचे १९१६ चे चार खंड वाचले. कलारांवरची नोंद दोनदा वाचली. त्यात 'कल्यपाल' या संस्कृत शब्दावरून आलेले नाव आहे, पोटजाती आहेत, चालीरीती आहेत. मडके कुठे ठेवायचे ते त्या नोंदीत मला सापडले नाही. साहेबांना दोष देत नाही. त्यांनी ज्यांना विचारले ते बहुधा घराच्या ओसरीवरचे पुरुष असणार, आणि मडके परसात होते.

अबकारीच्या कागदांतली गोष्ट आणखी मजेची. आपल्याकडे आधी आउटस्टिलची पद्धत होती. ठरावीक जागी भट्टी लावून विकण्याचा हक्क लिलावात घ्यायचा, दारू किती आणि कशी काढता याची सरकारला फारशी फिकीर नसे. १९०५-०६ च्या इंडियन एक्साइज कमिटीनंतर मोठ्या डिस्टिलऱ्यांतून कंत्राटाने दारू पुरवण्याच्या पद्धतीकडे कल वाढला. १९१५ मध्ये मध्य प्रांताचा अबकारी कायदा झाला. आता कर दारूच्या मापावर आणि तिच्या कडकपणावर. कडकपणा मोजायला साइक्सचा हायड्रोमीटर, इंग्लंडात १८१६ च्या कायद्याने सक्तीचा झालेला. आणि उष्णतेने दारू फुगते, मोजणी चुकते, म्हणून या हायड्रोमीटरच्या जोडीला तापमापक लागतोच. अबकारीचा इन्स्पेक्टर तापमापक घेऊन यायचा तो गाळलेल्या दारूत बुडवायला. कराचा आकडा बरोबर यावा एवढेच त्याचे काम. आंबत्या मडक्यात तो कुणी बुडवल्याची नोंद मी पाहिलेल्या कागदांत तरी एकही नाही. नोंद सुरू होते ती दारू झाल्यावर. तिच्या आधीचे चार ते आठ दिवस, जिथे सगळे कौशल्य आहे, ते कोरे.

मुंबई इलाख्याने तर एक पाऊल पुढे टाकून फुलालाच हात घातला. १८९२ च्या मोहफुलांच्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहफुले गोळा करण्यावर आणि बाळगण्यावर बंधने आली. भंडारा तेव्हा मध्य प्रांतात. १९५६ मध्ये आपण मुंबई राज्यात गेलो आणि पुढे १९४९ चा दारूबंदी कायदा आपल्याकडेही लागू झाला. त्यातही मोहफुलांवर नियंत्रण होतेच. राज्य शासनाने २०२१ मध्ये फुले गोळा करणे, साठवणे आणि नेणे यांवरचे निर्बंध उठवले. वेचणाऱ्या बायांच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट. तोवर परसातले मडके दोन-तीन पिढ्या रानात राहून आले होते.

रानात गेल्यावर विद्या तीच राहिली नाही. धाड केव्हा पडेल ठाऊक नाही, म्हणजे घाई. घाई म्हणजे गूळ आणि नवसागर. नवसागरातून किण्वाला नत्र मिळते, ते भरभर वाढते, सडवा लवकर तयार होतो. मडके फुटते, जड असते, म्हणून प्लास्टिकचे पिंप आले. पिंप पाझरत नाही, थंड होत नाही, आणि मडक्याच्या कितीतरी पट मोठे. जुन्या मडक्याच्या तळाशी मागच्या खेपेचा थोडा साका मुद्दाम ठेवत, तेच पुढच्या खेपेचे विरजण. नॉर्वेतल्या शेतकऱ्यांनी असेच विरजण पिढ्यानपिढ्या लाकडी कड्यांवर वाळवून ठेवले. त्याला ते 'क्वेइक' म्हणतात, आणि त्यातली काही किण्वे चाळीसच्या जवळ जाणाऱ्या उष्णतेतही चांगली बिअर देतात हे आता प्रयोगशाळांनी सांगितले. उष्ण देशांत घरी बिअर करणारे ते पाकिटातून विकत घेतात. माझ्या पुतण्याने घेतले आहे. भंडाऱ्याच्या मडक्यांच्या तळाशी काय होते हे सांगता येत नाही. ते नाल्यात ओतले गेले.

इथवर लिहून मी खूप दिवस थांबलो होतो. कारण पुढचे घरचे आहे.

माझी आजी, आईची आई, मोह आंबवत असे. हे मला चाळिशीपर्यंत माहीत नव्हते. साकोली तालुक्यातल्या एका दूरच्या मामीशी बोलत होतो. वय ऐंशीच्या पुढचे, डोळ्याने कमी दिसायचे. मडके का पुरत होता, असे विचारले तर तिने माझ्या प्रश्नाचीच कीव केली. "चोरून ठेवाले नाई पुरत होतो, बाबू. त्याले ऊन लागू नये म्हनून पुरत होतो. उनाऱ्यात मोहा तीन दिसात येते, हिवाऱ्यात आठ दिस झोपते." मग म्हणाली, "मले काय विचारतेस? तुही आजी साऱ्यांत हुशार होती. तुह्या मायले विचार."

मायला विचारणे सोपे नव्हते. माझा थोरला मामा दारूने गेला. मी तेव्हा लहान होतो, आठवतो तो फक्त त्याचा खोकला आणि अंगणातली बाज. त्याच्या तेराव्यानंतर आईने माहेरच्या परसातली मडकी एकेक करून फोडली, आजीच्या डोळ्यांदेखत. आजी काही बोलली नाही म्हणतात. आई त्यानंतर पुष्कळ वर्षे माहेरी गेली नाही. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी झाली ती लोकांनी, विशेषतः बायांनी मागितली म्हणून, आणि त्या बातमीचे कात्रण आईने देवघरात ठेवले होते. तेव्हा कुणी मला मोहाच्या संस्कृतीचे गोडवे गायला सांगितले तर माझ्याच्याने होणार नाही. आजीचा हात कुशल होता आणि त्या हाताने जे निघाले त्याने तिचा मुलगा नेला, ही दोन्ही वाक्ये मला एका दमात लिहावी लागतात.

तरी विद्या कुणाकडून कुणाकडे जायची आणि कुठे थांबली, हे मला कळून घ्यायचे होते. ती आईपाशी थांबली असे मी धरून चाललो होतो.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात मी एक प्रयोग केला. कायद्याला धरून, फक्त साध्या पाण्याचा. आमच्या घरामागे न्हाणीचे पाणी मुरते तिथे केळी लावलेल्या आहेत, माती बारमाही ओली. तिथे खड्डा करून एक नवे मडके गळ्यापर्यंत पुरले, पाण्याने भरले, तोंडावर पळसाची पाने बांधली. दुसरे मडके सावलीत वर ठेवून त्याला ओले गोणपाट गुंडाळले. तिसरे प्लास्टिकचे पिंप, त्याच सावलीत. तापमापक घरात एकच, ताप बघायचा पाऱ्याचा जुना. त्याची पट्टी ३५ अंशांपासून सुरू होते. मला आधी वाटले, हा काय कामाचा. मग लक्षात आले की मला हवी तीच रेघ त्याच्यावर पहिली आहे. पस्तीसच्या अलीकडे की पलीकडे, एवढेच तर विचारायचे होते.

दुपारी चार वाजता, लू वाहत असताना, पिंपात तो धरला तर पारा ताप आलेल्या माणसासारखा वर गेला. झटकून खाली आणला आणि गोणपाटाच्या मडक्यात धरला. हलला नाही. पुरलेल्या मडक्यात धरला. हलला नाही. दोन्ही मडक्यांना ताप नव्हता. आठ दिवस रोज दुपारी हाच खेळ केला. गोणपाट सकाळ-दुपार-संध्याकाळ भिजवावे लागे. एके दिवशी विसरलो तर त्या मडक्याचा पाराही वर सरकला. पुरलेल्याकडे मात्र बघावे लागले नाही. मामी म्हणाली होती तसे, पुरून ठेवले की बाई धानाच्या बांध्यांवर कामाला जाऊ शकते.

हे सगळे आई मागच्या दारातून बघत होती. काय करतोस, असे तिने एकदाही विचारले नाही, म्हणजे तिला कळले होते. मीही सांगितले नाही. नवव्या दिवशी मडके उपसायला गेलो तेव्हा ती काठी टेकत केळीपाशी आली. पळसाची पाने बाजूला करून तिने हात मडक्यात मनगटापर्यंत बुडवला, थोडा वेळ तसाच ठेवला. मग हात काढून लुगड्याला पुसला.

"वीतभर कमी खोदलास," ती म्हणाली. "आन् तोंड उगवतीकडं कलतं ठेवाचं. सकारचं ऊन बरं, दुपारचं नाई."